चार नंबरची खाट

प्रिय राजाबाई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "माझं पोरगं लई घाबरतंय गं. तू नुसतं कानात सांग की." मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. आणखी बोलले असते तर तू रडली असतीस आणि मी हो म्हणून बसले असते. म्हणून लिहिते आहे. तुझ्या जोतिरामच्या डॉक्टरकीच्या परीक्षेला अजून बारा दिवस आहेत, दोन-तीन दिवसांत पत्र माढ्याला नक्की पोचेल. सुनेकडून वाचून घेऊ नकोस. सावकाश का होईना, तूच वाच. वॉर्डातल्या पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचत मी शिकले, आणि तुला तिथेच शिकवलं, ते आज उपयोगी पडू दे.

आठवतं ना, तीन नंबरच्या खाटेवर तुझ्या पोटातली वाढलेली पानथरी, डॉक्टर जिला प्लीहा म्हणतात ती, आणि चार नंबरवर माझं हृदय. सगळे आपल्याला केसच म्हणायचे, नावं कुणाला ठाऊक नव्हती. परीक्षेच्या दिवशी शिकाऊ डॉक्टरांनी चिठ्ठी उचलायची, ज्या खाटेची निघेल तिथला माणूस अर्धा तास तपासायचा, मग घंटा झाली की मोठे सर येऊन विचारणार, काय सापडलं? तू म्हणायचीस, "कणीक मळल्यागत मळत्यात गं पोट." मला हसू फुटायचं आणि माझ्या छातीला नळी लावलेलं पोर आणखीच गांगरायचं. पुढे तुझी पानथरी काढली आणि तू सुटलीस. मी मात्र प्रत्येक परीक्षेला अजून तिथेच. माझ्या ऑपरेशनची वेळ अजून आली नाही म्हणतात, आणि असा आवाज इतका स्वच्छ दुसऱ्या कुणाच्या छातीत नाही म्हणतात. महिन्याची औषधं तिथलीच, फुकट. नाही कुठल्या तोंडाने म्हणू?

अठरा वर्षं परीक्षेपुरतं त्या खाटेवर पडून मला एक गोष्ट कळू लागली. कोण ऐकतंय आणि कोण नुसती नळी धरून उभं आहे, ते चेहऱ्यावरून कळतं. ऐकणारा नळी तळहातावर घासून गरम करतो, डाव्या कुशीवर वळायला सांगतो, श्वास सोडून धरायला सांगतो आणि मग त्याचे डोळे कुठेतरी हरवतात. न ऐकणारा सरांकडे बघत असतो. अशांची मला दया यायची. घाम फुटलेला, ओठ सुकलेले. सर पाठमोरे झाले की मी हळूच आजाराचं नाव सांगून टाकायची. तूही सांगायचीस. आपल्याला वाटायचं, कुणाच्या तरी लेकराचं भलं होतंय.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले, तेव्हा तू तेरा दिवस माझ्यापाशी राहिलीस. मला घास भरवलास. किती वेळा विचारलंस, "नेमकं झालं तरी काय गं?" मी म्हणाले, अचानक. ते खरं नव्हतं.

जेऊरकडच्या लग्नाहून परत येताना यांच्या छातीत दुखू लागलं, हात जड झाला. वाटेत एका दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर मला बघून खुर्चीतून उठलाच. "मावशी, तुम्ही! चार नंबरची खाट! तुमच्यामुळे पास झालो मी." त्याने माझ्या पाया पडून चहा मागवला. यांच्या शर्टावरूनच नळी लावली. लावली, आणि माझ्याकडे बघून हसत होता. राजाबाई, तो ऐकत नव्हता. हे मला कळत होतं. मला जितकं कळत होतं तितकं त्या दवाखान्यात कुणालाच कळत नव्हतं. पण डॉक्टर माझ्या पाया पडला होता, यांच्यादेखत. मी फुशारून बसले होते. "पित्त आहे काका, लग्नातलं तेलकट," म्हणून त्याने इंजेक्शन दिलं. मी चहा संपवला. एसटीत यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, ते पुन्हा उचललं नाही.

तक्रार कर, असं पुतण्या म्हणाला. कुणाची करू? त्याला पास कुणी केलं, हे सांगावं लागलं असतं. त्याचं नाव घ्यायला गेले की माझं नाव आधी येतं. वर्षातून दोनदा बोलावणं येतं, मी जाते, त्याच खाटेवर पडते. पोरं डोळ्यांनी विचारतात. मी पंख्याकडे बघते. तीन वर्षांत कुणाला एक अक्षर सांगितलेलं नाही. गेल्या खेपेला एक मुलगी रडत बाहेर गेली, तिचा हुंदका अजून कानात आहे. सांगितलं तरी मेले, नाही सांगितलं तरी मेले.

तुझं माझ्यावर जेवढं ऋण आहे तेवढं माझ्या सख्ख्या बहिणीचंही नाही. जोतिराम एकदा नापास झाला आहे, पुन्हा झाला तर तुझ्या घरात काय होईल तेही मला कळतं. तरी चार नंबरची चिठ्ठी त्याची निघाली, तर मी त्याला काही सांगणार नाही. हे सांगायलाच पत्र लिहायला बसले.

माझ्या छातीत काय आहे याचं नाव तुलाही ठाऊक नाही, ते बरंच आहे. या रविवारी जोतिरामला वसतिगृहातून माझ्याकडे पाठव. नळी घेऊन येऊ दे. नाव मी घरातही सांगणार नाही. डाव्या कुशीवर वळेन, श्वास सोडून धरेन, दम लागला की थांबेन, पुन्हा धरेन. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. त्याने ऐकायचं. दुसऱ्या रविवारीही यावं. ऐकू आलं की त्याचे डोळे मला सांगतील. आणि आलंच नाही, तर त्याने नापास व्हावं, राजाबाई. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी. कुणाच्या तरी घरचा माणूस त्याच्यासमोर शर्ट घालून बसणार आहे.

तुझीच,
दाक्षायणी