परवानगीची खोली

जोगेश्वरी (पूर्व)
रविवार, ता. ९ नोव्हेंबर १९८६

चि. शकु हिस सुंदराआक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहेत. तू, तुझी गाय आणि तुझा तो चावरा कुत्रा खुशाल असाल असं मी धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. दिवाळी झाली. करंज्या रत्नप्रभेने केल्या, सारण कमी, पण सून आहे, बोलायची सोय नाही. पत्राला कारण आहे, ते मागाहून. आधी गंमत ऐक. मी बिल्डर लोकांत फार प्रसिद्ध झालेय.

आमचं मागलं अंगण तुला ठाऊक आहे. पेरूचं झाड, कपडे धुवायचा दगड, बाकी सगळं मोकळं. तिथे एक खोली बांधायचं मी मनात घेतलं. कशाला, ते तू विचारू नको, इथे सगळे विचारून दमले. जयवंताला म्हटलं, लाकडं ठेवायला. तर म्हणतो, "आई, आपण गॅस घेऊन चार वर्षं झाली." रत्नप्रभेला म्हटलं, पापड लाटायला. तिने नुसतं माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मग मी बोलायचंच सोडलं. त्यांना वाटलं म्हातारी विसरली.

आता आमच्या वाडीत खोली कशी बांधतात तर शनिवारी विटा येतात, आणि सोमवारी खोली उभी असते, आत बाळंतीणसुद्धा असते. परवानगी वगैरे कोणी काढत नाही. पण तुझे भावोजी डोळे मिटण्याआधी मला बजावून गेलेत, सुंदरा, जागा आपल्या नावावर आहे, कागद चोख आहेत, चोरासारखं काही करायचं नाही. म्हणून मी एका नकाशेवाल्याला दुपारी बोलावलं, घरात कोणी नसताना. त्याने निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनी घर काढलं, खोली काढली. पेरू काढला नव्हता, तो मी काढायला लावला. सही मी स्वतः केली आणि अर्ज म्युनिसिपालटीत गेला. अख्ख्या वाडीत परवानगी मागणारी मी एकटी.

आणि शकु, माणसं यायला लागली गो! पहिला आला तो पांढऱ्या बुटातला. "माँजी, आपणच सुंदराबाई?" हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं म्युनिसिपालटीचा माणूस. मी मनात म्हटलं, सरकार किती सुधारलं, खोलीची परवानगी द्यायला पेढे घेऊन येतं! दुसऱ्या दिवशी दुसरा आला, त्याच्यामागून मोटारीतून आणखी दोघे. सगळे दुपारचेच यायचे, घरात मी एकटी. मी सगळ्यांना चहा दिला, पेरू दाखवला. सगळे अंगणाच्या मधोमध उभे राहून वर आकाशाकडे बघायचे. मला वाटायचं पाऊस बघतायत. ते मजले मोजत होते! पेढे मी वाडीत वाटले. लोक म्हणाले, "काय गो काकी, नातीचं लग्न ठरलं काय?" मी म्हटलं, तोंड गोड करा आणि गप्प बसा.

अनुचं लग्न नाही ठरलं, पण तिला नोकरी लागली. हे तुला कळवायचंच राहिलं बघ. जयवंताची गिरणी बंद पडली, आता साकीनाक्याच्या कारखान्यात जातो, पगार निम्मा. म्हणून पोरीच्या नोकरीचा घराला केवढा आधार. अंधेरीला एका बिल्डर शेठच्या ऑफिसात आहे. काम काय, तर रोज म्युनिसिपालटीत जायचं, कोणी कुठे काय बांधायला अर्ज दिलाय ते तिथल्या मोठ्या वहीत शोधायचं, आणि ऐसपैस जागा दिसली की उतरवून शेठला आणून द्यायची. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या घरात डोकवायचा पगार देतात?" तर म्हणाली, "आजी, जो माणूस एक खोली मागतो त्याच्याकडे जागा असते, मालकी साफ असते, आणि त्याला बांधायची हौस असते. शेठला एवढंच हवं असतं." सगळेच बिल्डर तिथे अशी माणसं पाठवतात. शेठ तिला तीन महिने बघणार, मग पक्की करणार.

तर एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. दार सताड उघडं. तरी कडी वाजली. बघते तर अनु. ऑफिसची साडी, काखेत फाईल, हातात पेढ्यांचा पुडा, आणि तोंड असं की आत्ता रडेल की आत्ता भांडेल.

"एस. आर. परब आपणच का?"

"अगो, ऊन लागलं काय तुला?"

"आजी, आत्ता मी तुझी नात नाही. मी कंपनीतर्फे आलेय."

"बरं. कंपनीला चहा चालतो?"

"चालतो. साखर कमी."

मी पाहुण्यांचे कप काढले. मग सगळं उलगडलं. वहीत नाव इंग्रजीत होतं, एस. आर. परब. परब मुंबईत काय कमी आहेत? आणि आपल्या घराचा सर्व्हे नंबर कोणाला पाठ असतो? तिने आपली जागा मोठी, रस्त्याला लागून, म्हणून खुशीत उतरवून नेली. शेठ एकदम खूश. त्याने पत्ता काढला, तिच्या हातात कागद दिला, वर सांगितलं, "मालकीणबाई आहे. बाईशी बाईच बोललेली बरी." कागदावर बघते तर स्वतःचंच घर!

तरी पोरीने काम चोख केलं हो. फाईल उघडून सांगितलं, चार मजली इमारत, आम्हाला ब्लॉक, संडास घरात, नळ घरात.

मी विचारलं, "आणि मागली खोली?"

"आजी, मागलं अंगणच राहणार नाही."

"मग नको."

"तू नाही म्हणालीस तर शेठ मला पक्की करणार नाही. बाहेरच्या माणसाला कशी पटवशील, म्हणेल, घरची आजी पटली नाही. एवढ्याशा खोलीसाठी? ती खोली कशाला ते तरी सांग!"

"शेळ्या पाळायला."

"आजी! तू शेळीला घाबरतेस!"

आणि मग कंपनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी म्हटलं, ऊठ, डोळे पूस, उद्या मला तुझ्या त्या कचेरीत ने, मी अर्ज परत घेते, मग तुझ्या शेठचा कागद बघू. बोलले मी सहज, पण रात्रभर कुशी बदलत होते. कोणाला दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने गेलो. काय ती कचेरी! फायलींचे डोंगर, आणि त्यांच्याआड कारकून. बाकावर माझ्याशेजारी अंधेरीची एक बाई बसली होती, तिला गच्चीवर पत्रे टाकायचे होते, तिच्या जावेची सगळी हकिगत मला कळली. तेवढ्यात आमचा नंबर आला. कारकून पोरगेलासा, भला माणूस. त्याला म्हटलं, "बाबा, अर्ज मागे घेते, पण आधी तुमच्या नकाशात माझं घर दाखव. एवढे लोक बघून गेले, मीच बघितलं नाही." तो हसला. त्याने शहराच्या नव्या विकास आराखड्याचा एवढा मोठा कागद टेबलावर पसरला, बोट फिरवत फिरवत आणलं आणि टेकवलं. आमची जागा हिरवीगार! पोपटासारखी! बाकीच्यांची कुठे पिवळी, कुठे कसली. मी अनुला म्हटलं, "बघ, आपलं कसं उठून दिसतं!"

अनु मात्र पांढरी पडली. कारकून म्हणाला, "आजी, हिरवं म्हणजे मैदान. ही जागा मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी राखून ठेवलीय. इथे इमारत होणार नाही. तुमचा अर्जही नामंजूर होणार. आहे ते घर आहे तसं राहू दे, वाढवायचं नाही."

"मैदान कधी होणार?"

"वीस वर्षांचा आराखडा आहे. कधी ते मी कसं सांगू?"

वीस वर्षं! मी तिथेच हसायला लागले. वीस वर्षांनी येऊ देत पोरं, खेळू देत. तोवर मला कोण उठवतंय?

अनुने शेठला जाऊन सांगितलं. तो म्हणे खुर्चीतून उठलाच. बाकीचे बिल्डर अर्जांच्या वहीवरून धावत सुटले होते, आराखडा बघून येणारी हीच पहिली. (कोणामुळे ते तिने सांगितलं नाही, मीही सांगू नको म्हटलं.) "बेटी, तू मला खड्ड्यातून वाचवलंस," म्हणाला आणि कालच पक्की केली. पांढऱ्या बुटातलाही परत फिरकला नाही. पेढे बंद झाले, तेवढंच वाईट वाटतं.

पण खोली गेली.

थोरल्या नातीच्या, प्रेमाच्या, लग्नाला तू आली होतीस. आम्ही तुला मधल्या वाटेत अंथरूण घातलं. पहाटे जयवंत गिरणीच्या रात्रपाळीवरून आला तो अंधारात तुझ्या पायावर पडला. तू पूजेलाही थांबली नाहीस, पिशवी भरलीस आणि जाताना एवढंच म्हणालीस, "आक्का, तुझ्या घरात पाय पसरायला जागा नाही." त्याला दोन वर्षं झाली. पत्र नाही. तुझ्या घरात तू एकटी, आणि माझ्या घरात माणसं आहेत, पण आपल्या आईला कोणत्या नावाने हाक मारायचे ते ठाऊक असलेलं एकही नाही.

कचेरीतून परत येताना रिक्षात मी अनुला खोली कोणासाठी ते सांगितलं. ती माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "आजी, हे शकुआजीला लिहायचं सोडून तू म्युनिसिपालटीला का लिहिलंस?"

उत्तर मला आता सुचतंय. म्युनिसिपालटी नाही म्हणाली तर तेवढं लागत नाही गो.

माझ्या खोलीतलं ते धूड कपाट मी जयवंताला देऊन टाकलं. त्या जागी दुसरी खाट बसते. मी तिच्यावर आडवी होऊन बघितलं, पाय पुरते पसरतात, आणि मी तुझ्यापेक्षा उंच आहे. भिंतीकडची तुला देते, वारा तिकडेच लागतो. याला कोणाची परवानगी लागत नाही.

उत्तर पाठवू नको. लिहायला बसलीस की तू नाही लिहिशील, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. गाय शेजारी बांध, कुत्र्याला घेऊन आलीस तरी चालेल, आणि सरळ एस.टी.त बस.

तुझी वाट बघत दार लावून न घेणारी,
सुंदराआक्का