सिस्टरच्या जागी मी

सोमवार. सकाळी ७.
पायाच्या ऑपरेशननंतर आजोबांना बघायला सिस्टर येते. तिचा पगार कळला. माझ्या सुटलेल्या तिन्ही नोकऱ्यांपेक्षा जास्त! काम काय, तर बीपी, गोळ्या, स्पंजिंग, वॉकरने हॉलमध्ये फेऱ्या. आईला म्हटलं, मी करतो, अर्ध्या पगारात. बाइकचा पहिला हप्ता सुटेल. ताई म्हणाली, स्वतःचा टॉवेल उचल आधी. जळते. सिस्टरला आठवडाभर सुट्टी दिली. रविवारी आजोबा चालत गेटपर्यंत गेले तर नोकरी माझी.

सोमवार. दुपारी.
स्पंजिंग झालं. आजोबांनी विचारलं, अंघोळ घालतोयस की गाडी धुतोयस? गादी उन्हात टाकलीय.

मंगळवार.
दिवसातून दोनदा बीपी म्हणजे टाइमपास. डोकं चालवलं. वहीत रविवारपर्यंतचे आकडे एकदम भरले. थोडे वर-खाली केले, खरे वाटायला. सिस्टरला जन्मात सुचलं नसतं.

बुधवार.
रोज दहा फेऱ्या घालायच्यात. आजोबा म्हणाले, पाय दुखतो रे, त्यापेक्षा रमी खेळू. पेशंट खूश ठेवणं महत्त्वाचं. वहीत लिहिलं : दहा फेऱ्या.

गुरुवार.
रमीत हरलो. म्हातारा पत्ते लपवतो. फेऱ्या वीस. (प्रगती दिसायला हवी.)

शुक्रवार. संध्याकाळी ५.
डॉक्टर न सांगता टपकले. वही चाळली. विचारलं, रविवारचं बीपी आज कसं काय घेतलं? म्हटलं, अ‍ॅडव्हान्समध्ये. त्यांनी आजोबांना उभं राहायला सांगितलं. मागच्या आठवड्यात अख्खा हॉल चालणारा माणूस चार पावलांत खाली बसला. पाय आखडलाय म्हणे. आजोबा म्हणाले, पोराची चूक नाही, पत्ते मीच काढले. आईने डॉक्टरांच्या हातून वही घेतली आणि सिस्टरला फोन लावला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार.
सिस्टरला परत बोलावलं. तिने पगार वाढवून मागितला. आई लगेच हो म्हणाली. सिस्टरने तासभर आजोबांचा पाय चोळला, मग कमरेच्या पट्ट्याला धरून उभं केलं. सात पावलं. दोघंही घामाघूम. मी घड्याळ बघायचं विसरलो.

रविवार.
गेट राहिलं. सिस्टर म्हणते, तिची आधीची तीन आठवड्यांची मेहनत गेली वाया. आजोबांनी तिच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकला. बेडपॅन धुवायचं काम मिळालंय. पगार नाही. हुद्दा अजून ठरायचाय.