शमादानातला कच्चा जोड

प्रिय आप्पा,

मघाशी चर्चची देखभाल करणाऱ्या मार्थामावशींचा फोन आला. "पोरी, मेणबत्त्यांचं ते उंच शमादान डुलाय लागलंय गं. पर तुज्या आप्पांनी जोडल्यालं हाय, काय भ्या न्हाय."

मी ओरडलेच, "मावशी, आज त्यात एकबी मेणबत्ती लावू नका!"

"लईच भित्री बाई तू!" म्हणून हसल्या आणि फोन ठेवला. सहाला प्रार्थना आहे. शमादान परत आणायला टेम्पो बोलावलाय, तो येईपर्यंत हे लिहिते. तुम्ही जाऊन पाच महिने झाले, पण हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

आठवतं? शेवटच्या आजारात तुम्ही खाटेवर पडून शमादानाच्या तुटलेल्या पायावरून बोट फिरवलंत. "जुनं लोखंड उसागत असतंय, आत धागा असतोय बघ." उद्यमनगरात कुणीही दहा मिनिटांत वेल्डिंग मारून दिलं असतं. तुम्ही म्हणालात, "भट्टीतच जोडायचं. दोन्ही टोकं पांढरी पडू देत. पहिली ठिणगी उडाली की बाहेर, आणि घाल घाव!"

मला त्या ठिणगीचीच भीती! क्षणभर उशीर झाला तर लोखंड जळतं. कुण्या जुन्या लोहारानं घातलेला तो पीळ, त्यावरच्या हातोडीच्या खुणा, सगळं माझ्या हातून जळालं तर? टोकं अजून पिवळीच होती. मला दिसत होतं. तरी बाहेर काढली, ठोकली आणि वरून कानशीनं घासून गुळगुळीत केली.

"पांढरं झालतं न्हवं?"

"व्हय आप्पा." किती सहज म्हणाले मी!

मग तुम्ही जोडावर हातोडी टेकवून हलकेच वाजवलीत. कान दिलात. बराच वेळ. "असू दे. चांगलं हाय."

पक्का जोड घंटेगत वाजतो, हे तुम्हीच शिकवलंत ना? हा तर फुटक्या मडक्यासारखा वाजला! मग गप्प का बसलात? एरवी विळ्याची धार जरा वाकडी गेली तरी "चपात्या लाटतीयास काय?" म्हणून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचात. त्या दिवशीही ओरडायला हवं होतंत, आप्पा.

शमादानाच्या शेजारच्या बाकावर म्हाताऱ्या बायका बसतात. नायलॉनच्या साड्या, वर सात जळत्या मेणबत्त्या. डोळे मिटले की तेच दिसतं. मावशींनी माझं ऐकलं असेल का?

आज सगळ्यांसमोर सांगेन, जोड आप्पांचा नाही, माझा आहे आणि कच्चा आहे. उद्या तो तोडून भट्टी पेटवेन. भिणार नाही, असं वचन देत नाही. पण पहिली ठिणगी उडेपर्यंत सांडशी हलवणार नाही. मग जोड वाजवून बघेन, आणि आवाज खोटा आला, तर तुम्ही त्या दिवशी जे बोलला नाहीत ते मीच मला बोलेन: "पुन्यांदा कर."

टेम्पो आला.

तुमची,
शालन