टिलीच्या खोलीतलं सोललेलं कपाट

टिंकर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
११ जून १९७१

विहीणबाई ओटिली यांना ड्रुसिला पार्डीचा मनापासून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. वारा पडलाय, आमचा गार्लंड उजाडायच्या आत जाळी घेऊन गेला, आणि मी पाव भट्टीत घालून लिहायला बसले आहे. माझ्या अक्षराला हसू नका. शाळेत दोन बुकं झाली आणि मासे वाळवायला हात कमी पडतात म्हणून बाबांनी मला काढलं. त्यानंतर लिहिणं म्हणजे नाताळची कार्डं, तीही सही करण्यापुरती. तेव्हा एवढं मोठं पत्र माझ्याकडून आलेलं बघून घाबरू नका, कुणी आजारी नाही.

बातमी आनंदाची आहे. तुमची नात टिली चार वर्षांची झाली, आणि आता तिला स्वतःची खोली मिळणार. अजून ती आईबापाच्या मध्ये आडवी झोपते आणि रात्रभर लाथा मारते. गार्लंड म्हणतो, "आई, वादळात होडीत झोपलो तरी मला जास्त झोप लागेल." म्हणून माडीवरची पुढची खोली तिला द्यायची ठरली. तिथून धक्का दिसतो, बापाची होडी आलेली दिसते.

त्या खोलीत सगळं आमच्या ह्यांच्या हातचं सामान. खणांचं कपाट, तोंड धुवायचं मेज, एक खुर्ची. सरकारने आमचं जुनं गाव उठवलं, तेव्हा आख्खं लाकडी घर होड्यांना बांधून खाडीतून तरंगत इथे आणलं, आणि हे सामान आतच होतं, आणि माझी एक कपबशीसुद्धा फुटली नाही. शेजारच्या केझाया मावशीच्या घराला मात्र किनाऱ्याला लागताना गचका बसला. ती ते अजून माझ्यावर काढते, जसा काही दोर माझ्याच हातात होता.

तर तुमची हेडी येता-जाता त्या कपाटावरून हात फिरवायची. मग एक दिवस म्हणाली, "आई, आपण सगळी खोली ह्या कपाटाभोवती सजवू या. पण आधी मी ह्याचा रंग काढते. खाली लाकूड किती सुंदर असेल!"

आता ती तुमच्या किचनर शहरातली मुलगी. व्याहीबुवांचा जन्म फर्निचरच्या कारखान्यात गेला, तुमच्याकडे लाकूड पॉलिश करून आरशासारखं ठेवतात. आमच्याकडे उघडं लाकूड म्हणजे उघडं अंग. दर वर्षी होडी रंगवून झाली की उरलेला रंग घरातल्या सामानावर. पण तिची हौस बघून मी गप्प बसले. बसली की ती खरवडत अंगणात. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली लाल. तो लाल गार्लंड जन्मला त्या वर्षीचा, मला लगेच ओळखू आला. जुना माणूस भेटल्यासारखं वाटलं.

केझाया मावशी कुंपणाशी येऊन उभी राहिली. "ड्रुसिला, तुझी सून कपाट साफ करते आहे की कॉड मासा?"

"कॉडच समज," मी म्हटलं. "आतून काय निघतं ते बघायला थांब."

निघालं काय, तर साबणाचं खोकं! खणांच्या तोंडावर कंपनीची काळी ठसठशीत अक्षरं, खालच्या खणावर चहाचं नाव, आणि मधल्यावर बाण काढून लिहिलेलं "ही बाजू वर", तेही उलटं. ह्यांना वाचता येत नव्हतं हो. फळी बसली तशी ठोकली.

मावशी हसून हसून कुंपणावर वाकली. हेडीचं तोंड मात्र एवढंसं झालं. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? इथे लाकडाची वखार आहे का? दुकानातली खोकी रिकामी झाली की त्यांचंच सामान व्हायचं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू इतक्या प्रेमाने खरवडत होतीस!"

मग तीही हसायला लागली. दोघी गवतावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. माझं थांबलं. तिचं पाणी थांबेना. "बाबांना हे दाखवायला हवं होतं," एवढंच म्हणाली आणि खण उचलून आत गेली.

पाव बघून येते.

आले. खालून जरा करपला, पण काकवी लावली की कुणाला कळत नाही.

खोली अशी छान झालीय म्हणून सांगू! कपाटाच्या बाजूंना पुन्हा होडीचा हिरवा दिला, पण खणांची तोंडं हेडीने तशीच ठेवली, अक्षरांसकट, वर नुसतं वॉर्निश. टिली "ही बाजू वर" वर बोट ठेवते आणि डोकं खाली करून उभी राहायला बघते. भिंतींना साईचा रंग. पडदे पिठाच्या पोत्यांचे, हेडीने त्यांवर निळा काठ शिवला. खाली मी चिंध्या ओवून केलेली सतरंजी, तिच्यात ह्यांचा जुना स्वेटरही गेला. मेजावर टिलीचे शिंपले.

एक भिंत तेवढी रिकामी आहे.

गार्लंडने पलंगासाठी फळ्यासुद्धा आणल्या. हेडी रोज म्हणते, "राहू दे, उद्या बघू." मला काही उमजेना. मग एकदा जिन्यात पाय थांबला माझा. ती टिलीला सांगत होती, "मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा माझा पलंग असा भिंतीला होता. अक्रोडाच्या लाकडाचा, माझ्या बाबांनी केलेला. उशाशी बदक कोरलेलं." टिली म्हणाली, "मग तो कुठाय?" हेडी म्हणाली, "आईकडे."

विहीणबाई, दर नाताळला तुमचं पार्सल येतं. लोकरीचे मोजे, आल्याची बिस्किटं, सगळं टिलीच्या नावाने. टिली बिस्किटं खात असते तेव्हा हेडी पार्सलचा कागद दोन्ही बाजूंनी बघते. मग घडी करून ठेवते. त्यात तिच्यासाठी काही लिहिलेलं नसतं.

मी मध्ये पडणारी नव्हे. पण ती सांगणार नाही आणि तुम्ही विचारणार नाही, म्हणून मी सांगते. दोन वर्षांपूर्वी व्याहीबुवा गेल्याची तार आली तो मार्च होता. समुद्रावरून बर्फाच्या लाद्या येऊन खाडीचं तोंड बंद झालं होतं, बोट आत येईना, आणि आमच्या गावाला रस्ता नाही. तिने तुम्हाला तार केली, "येता येत नाही." तारेत माणूस किती लिहिणार? तुम्ही उलट कळवलंत, यायचं असतं ते येतात. ते वाचल्यावर तिने पुन्हा काही सांगितलंच नाही. तुम्ही सांत्वनाला आलेल्यांमध्ये बसला होतात, तुम्हाला तरी काय दिसणार! मी बघितलं ते हे, की तुमची मुलगी रोज कोट-टोपी घालून, बॅग घेऊन धक्क्यावर जाऊन उभी राहायची. अंत्यसंस्कार होऊन गेले असतील हे कळत होतं तरी जायची. गार्लंडने हाताला धरून घरी आणलं तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ होता.

हे पत्र तिला माहीत नाही. कळलं तर रागावेल, रागावू दे.

पलंग पाठवायचा की ठेवायचा ते तुम्ही ठरवा. नाही आला तर गार्लंड फळ्या ठोकेल आणि टिली त्यावरही गाढ झोपेल, पोरच ते. मी पलंगासाठी लिहीत नाही. जुलैत खाडी मोकळी असते, बोट आठवड्यातून दोनदा येते, धक्क्यावर उतरवून घ्यायला आम्ही सगळे असू. हेडी मला आई म्हणते, मायेने म्हणते. मीही दोन वर्षं तिची आई होऊन बघितलं. नाही जमत हो मला. ती जागा तुमचीच आहे, या.

तुमच्या हेडीची सासू, तेवढीच,
ड्रुसिला