सांबारवड्यांचा डबा

हडपसर, पुणे
१९ ऑगस्ट २००९

प्रिय आईस,
सप्रेम जयभीम.

दीपाताईचं बाळ आता हसायला लागलं असेल. त्याच्या कानात तेल घालू नकोस, डॉक्टर ओरडतात. अर्थात तू ऐकणार नाहीसच. इथं स्वाइन फ्लूच्या भीतीनं अख्खं पुणं तोंडाला रुमाल बांधून फिरतंय. गॅलरीतला कढीपत्ता जिवंत आहे, तेव्हा मीही आहे असं समज.

फोन करत नाही म्हणून रागावली असशील. अब्रूनुकसानीच्या दाव्यात कंपनीनं माझ्या फोनची सगळी यादी कोर्टाकडे मागितलीय, म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "शर्मे, माझा डबा आला का गं?" आई, पाया पडते तुझ्या, हा प्रश्न आता कुणालाही विचारू नकोस. शेजारच्या चंपाकाकूंना तर मुळीच नाही.

डबा सापडलाय. कोर्टात आहे.

नीट सांगते. लोणी काळभोरच्या फाट्यावर कंपनीतली ती मुलगी ट्रकखाली गेली, तेव्हा कंपनी म्हणाली, ती स्वतःच्या मर्जीनं आमच्या गाडीतून मध्येच उतरली. मी ब्लॉगवर लिहिलं, साफ खोटं! रात्रपाळीच्या मुलींना घरापर्यंत न सोडता हायवेवरच उतरवा, असा वरूनच हुकूम होता. हे मला सांगितलं ते आपल्या पाहुण्यानं. तू समोर बसवून जेवू घातलंस, तेच पाहुणं. नाव या पत्रातही लिहीत नाही. तुला ठाऊक आहे, बास.

पाहुणं निघताना तू सवयीनं कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा डबा हातात कोंबलास. झाकणावर मशीननं कोरलेलं तुझं नाव, हिरा भीमराव मेश्राम. पाहुणंही तुझ्याच वळणाचं! रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून त्यात बेसनाचे लाडू भरले आणि संध्याकाळी आपल्याकडे आणायचा म्हणून कंपनीच्या ऑफिसातल्या फ्रिजमध्ये ठेवला. सिक्युरिटीनं माझंच आडनाव वाचलं आणि डबा उचलला. फ्रिज अख्ख्या मजल्याचा, म्हणून कुणी ठेवला ते अजून कळलेलं नाही. काल कंपनीच्या वकिलांनी तो न्यायाधीशांपुढे मांडला, लाडवांसकट. हसू की रडू, मला कळेना.

खरं सांगू? आधी तुझाच राग आला. आल्यागेल्याला भरवायची काय ही हौस! मग आठवलं, ते माणूस दारात आलं तेव्हा किती भेदरलेलं होतं. तोंड उघडलं ते तुझ्या दुसऱ्या भाकरीनंतर. मला नुसते प्रश्न विचारता येतात.

आपले उत्तरेश्वर वकील म्हणतात, बातमी कुणी दिली ते कोर्टात लपवता येईल असा कायदाच आपल्याकडे नाही. त्यात ब्लॉगवालीला पत्रकार म्हणून कोण धरतंय? नाव सांगितलं नाही तर अवमान म्हणून आत टाकू शकतात. कंपनीचे वकील मात्र फार अदबशीर. "मॅडम, आपण फक्त नाव सांगा, आम्ही दावा मागे घेतो." मी म्हटलं, "आपण चहा घ्या, गार होतोय."

आता ज्याच्यासाठी एवढं खरडलं ते. समन्स तुझ्याही नावानं निघालंय. डबा कुणाला दिला, हे तुला विचारणार आहेत.

तू रोज पंचशील म्हणतेस. तू खोटं बोलणार नाहीस, आणि बोल असं मी सांगणारही नाही. वकील म्हणत होते, "आठवत नाही म्हणायला सांगा." मी म्हटलं, माझ्या आईला कुणाला काय खायला घातलं ते जन्मभर आठवतं. पण मला भीती वाटते, आई. ते नाव तुझ्या तोंडून निघालं, तर त्या घरातली चूल बंद होईल. आणि यापुढं जीव मुठीत धरून कुणी आपल्या दाराशी येणार नाही.

गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ताठ उभी राहा आणि म्हण, "डबा माझा आहे. कुणाला दिला ते ठाऊक आहे. सांगणार नाही." घाबरू नकोस, आधी पिंजऱ्यात मीच उभी राहणार आहे आणि हेच बोलणार आहे. मग काय करायचं ते करू देत!

ताईला सांगून निघ. येताना सांबारवड्यांचा दुसरा डबा भरून आण, तुझं नाव असलेलाच. मी घरी नसले, तर कुठं आणून द्यायचा ते वकिलांना विचार.

नाव न सांगणारी तुझी,
शर्मी