आईच्या लुगड्याचे मेणकापड

मंगळवार, लोहारा

आईचं शेवटचं सुती लुगडं आज कापलं. शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टरनी शिकवलं तसं सरळ. भाजी गुंडाळून ठेवायला प्लॅस्टिक नको म्हणून तुकड्यांवर वितळलेलं मेण पसरलं, वाळवलं.

सुनेनं तव्यावरची गरम भाकरीच त्यातल्या एका तुकड्यात गुंडाळली. मेण सुटून भाकरीला लागलं.

"आत्या, नासलं का हो लुगडं? आमच्याकडं भाकरी कापडातच ठेवतेत."

रागावले का मी? होय, घटकाभर. पण गरम काही ठेवायचं नाही, हे मी तिला सांगितलंच कुठं होतं? आणि आई तरी काय करायची? जुन्या लुगड्याच्या फडक्यातच गरम भाकरी ठेवायची.

तो तुकडा उकळत्या पाण्यात घातला. मेण बरंच निघालं. बाकीच्या तुकड्यांत काकडी, कोथिंबीर ठेवीन. हा सुनेला दिला, भाकरीसाठी.