सूरजबाईची सही

रविवार, १४ मार्च १९७६

दिवाळीनंतर आजच वही उघडतोय. माफी असावी. तेव्हा लिहिण्याजोगं काही नव्हतं, आणि आता आहे ते लिहायची लाज वाटते.

काल पोस्टमन रामधन शाळेतच आला. "हीरालाल सर, तुमच्या घरच्या सूरजबाईचं रजिस्टर हाय. एरवी दुकानातच देतो, आज बंद दिसलं." सही करून घेतलं.

सूरजबाई — माझी धाकटी बहीण! आठ वर्षांपूर्वी तिने दीक्षा घेतली. केस, दागिने, नाव, सगळं त्या दिवशी टाकलं. आम्ही सख्खे भाऊसुद्धा आता तिला त्या नावाने हाक मारत नाही. आणि पत्र आयकराच्या अकोल्याच्या कचेरीतून! सूरजबाईने गिरणीच्या शेअरांच्या लाभांशावर कापलेला कर तीन वर्षं परत मागितला, तो तिला रजिस्टर टपालाने मिळाला, आणि कर कापल्याचे दाखले खोटे निघाले. पाच एप्रिलच्या आत स्वतः हजर राहावे, नाहीतर वॉरंट.

ते शेअर दीक्षेआधीच विकून पैसे मंदिराला दिले होते. मग हे अर्ज कुणी केले?

साध्वी वाहनात बसत नाहीत. ती सध्या कारंजाला; तिथून अकोला, अनवाणी, या उन्हात. आणि तिथे पोलीस!

"एरवी दुकानातच देतो." दुकान थोरल्या भावाचं. कस्तुरचंदचं.

सोमवार, १५ मार्च

भाऊला विचारलं. दीक्षेच्या वेळी सूरजचे सगळे कागद त्यानेच निपटवले होते, वाशीमच्या जवरीलाल करवकिलाला हाताशी धरून.

"मले काय मालूम? जवरीलालले विचार."

"रजिस्टर तुझ्या दुकानात येत होतं, भाऊ."

"दुकानात गिऱ्हाईक येते, फुकटे येते, कुत्रं येते. साऱ्याईवर ध्यान ठेवू का? तू मास्तर हायेस का सीआयडी?"

रागावला म्हणजे खोटा? पण विचारताना मी तरी त्याच्या डोळ्यांत कुठे बघितलं!

एक गोष्ट मात्र दोघांनी एका तोंडाने ठरवली — आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. दीक्षेनंतर वर्षभर ती जेवताना सूरजचा पाट मांडायची.

गुरुवार, १८ मार्च

रजा टाकून अकोल्याला जाऊन आलो. साहेब तरुण, बोलायला सभ्य. तिन्ही अर्ज पुढे ठेवले. "ही सही ओळखता?"

"नाही," म्हणालो.

खोटं बोललो! सही देवनागरीत. आधी वरची रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला टांगायची — असं आमच्या घरात फक्त भाऊ लिहितो. त्याच्या चिठ्ठ्या जन्मभर पाहतोय.

शनिवार, २० मार्च

भाऊकडे नवा रेडिओ. कुठून आला? वहिनी म्हणाल्या, माहेरून. पावती बघायला मागितली नाही, एवढंच.

रविवार, २१ मार्च

कारंजाला साध्वींचं दर्शन घेतलं. सगळं सांगितलं. शांतपणे म्हणाल्या, "सूरजबाईला मी ओळखत नाही. पण बोलावणं आहे तर जाईन. चार-पाच दिवसांत चालत पोचेन."

निघताना टाचा दिसल्या. भेगांत माती भरलेली. जिने नाव टाकलं तिनेच त्या नावाची शिक्षा भोगायची?

सोमवार, २२ मार्च

साहेबांना पत्र लिहिलं. "अर्जांवरील सही माझे थोरले बंधू कस्तुरचंद यांच्या हातची आहे असे माझे मत आहे." आधी "खात्री" लिहिलं होतं. खोडलं.

बहिणीसाठी लिहिलं, की वडिलांनी दुकान त्याला दिलं म्हणून? स्वतःला तीनदा विचारलं. दरवेळी उत्तर वेगळं आलं. तरी पत्र पेटीत टाकलं.

मंगळवार, २३ मार्च

दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो होतो. आई वाढत होती. मधेच म्हणाली, "हीरा, औंदा सूरजचं रजिस्टर काहून नाही आलं रे?"



"कोणतं रजिस्टर?"

"जवरीलालचा माणूस फारम घेऊन येते न, त्याच्यावर मी तिचं नाव लिवून देतो. मंग काही दिवसानं रजिस्टर येते. दुपारी भाऊ जेवाले गेला की मीच बसतो दुकानात. पाकीट तो माणूस घेऊन जाते. मले कायले पायजे ते?"

"आई! सही तू केलीस?"

"मंग कोण करीन? नाव मीच ठेवलं होतं. तिनं टाकलं, मी उचललं. गावात आता कोणी घेते का तिचं नाव? रामधन बदलून आलेला, तो मलेच सूरजबाई समजते. सालातून एक डाव दारात उभा राहून इचारते, 'सूरजबाई हायेत का?' मी म्हणतो, हाये."

आईला लिहिताना मी कधी पाहिलंच नव्हतं. भाऊला शाळेत घालण्याआधी पाटीवर अक्षरं तिने गिरवायला लावली होती. मला शाळेने शिकवलं.

तिला कळू नये म्हणून आम्ही केवढे जपलो. तिला विचारलं कुणीच नाही.

बुधवार, २४ मार्च

कारंजाहून निरोप. साध्वी काल पहाटेच अकोल्याच्या वाटेला लागल्या.

भाऊला पत्राचं सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "अक्षर वळखलं तू. भाऊ नाही वळखला."

उद्या : पहिल्या एसटीने अकोला. पत्रातलं भाऊचं नाव मागे घेणे, आईचं देणे.